समुद्राच्या फळीला घरचं ठिगळ

मिक्सरचं भांडं गळायला लागलं, छत्रीची काडी मोडली, कुकरची रिंग सैल झाली, तर आपण लगेच नवीन वस्तू आणायला धावत नाही. आधी घरात कोणाला जमतंय का ते बघतो, मग कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे जातो. तोही ‘ताई, आता हे काही व्हायचं नाही’ म्हणाला, तरच नव्या वस्तूचा विषय निघतो. सायकलचं पंक्चर, गोधडीचं ठिगळ, पितळेच्या भांड्यांची कल्हई हे सगळं बघतच आपण मोठ्या झालो. पण मैत्रिणींनो, सर्फबोर्ड नावाची वस्तू घरच्या घरी दुरुस्त करायची वेळ माझ्यावर येईल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आम्ही राहतो ऑस्ट्रेलियात, वुलनगाँगला. सिडनीच्या दक्षिणेला साधारण ८० किलोमीटरवर हे शहर आहे. एका बाजूला डोंगराची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत वस्ती. आपल्याकडे घरोघरी दाराआड क्रिकेटची बॅट उभी असते ना, तशी इथे सर्फिंगची फळी उभी असते. पोटावर झोपून हातानं पाणी मारत लाटेपर्यंत जायचं, लाट आली की झटकन फळीवर उभं राहायचं आणि लाटेवरून घसरत किनाऱ्याकडे यायचं, असा हा खेळ. बघायला सोपा, करायला महाकठीण!

माझी सोळा वर्षांची लेक या खेळात पुरती बुडालेली. शनिवारी एका बेकरीत काम करून तिनं पैसे साठवले आणि १८० डॉलरला एक जुनी फळी विकत घेतली. तिची स्वतःच्या कमाईची पहिली वस्तू. एका सकाळी ओहोटीच्या वेळी लाटेनं ती फळी खडकावर आपटली. लेकीला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण फळीच्या टोकाला रुपयाएवढं भोक पडलं आणि कडेला वीतभर चीर गेली. आतला पांढरा फोम दिसायला लागला.

दुकानात विचारलं, तर दुरुस्तीचे १४० डॉलर. त्या दिवसांत माझ्या कामाचे तास निम्म्यावर आले होते. घराचा हप्ता, वाणसामान यातच महिना संपत होता. त्यामुळे हा आकडा आमच्यासाठी लहान नव्हता. नवरा म्हणाला, ‘‘राहू दे, दिवाळीच्या सुमारास नवीनच बघू.’’ सासूबाई तेव्हा इचलकरंजीहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी तर सुटकेचा श्वासच सोडला. ‘‘बरं झालं मोडली ते. पोरीच्या जातीला कशाला हवाय समुद्र? झालं तेवढं पुरे!’’ लेक एक शब्द बोलली नाही. फळी गॅरेजच्या भिंतीला टेकवून ती आत निघून गेली. तिनं भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते गप्प राहणंच मनाला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या बाईंकडे गेले. साठी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई अजूनही आठवड्यातून दोनदा लाटांवर जातात आणि आपल्या फळ्या स्वतःच नीट करतात. त्यांनी आमच्या फळीवरून हात फिरवला, बोटानं इकडेतिकडे दाबून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘होईल. पण घाई करायची नाही. आधी आतलं पाणी बाहेर काढायचं, बाकी सगळं नंतर.’’

ही फळी बनते कशी, ते समजलं की दुरुस्ती कळायला सोपी जाते. आत असतो हलका फोम. त्यावर काचेच्या बारीक धाग्यांचं विणलेलं कापड, म्हणजेच फायबरग्लास, आणि त्या कापडात मुरवून घट्ट केलेलं रेझिन. कोकणातल्या फायबरच्या होड्या, न्हाणीघराचे फायबरचे दरवाजे याच घराण्यातले. वरचं कवच धड असेल तोवर पाणी आत जात नाही. चीर पडली की फोम हळूहळू पाणी पितो, पिवळा पडतो, फळी जड होते आणि कवच फोमपासून सुटायला लागतं. नुसतं वरून चिकटवून टाकलं, तर पाणी आत कोंडतं आणि चांगला भागही सडवतं.

यात एक गोष्ट मात्र पक्की माहीत हवी. फोम दोन जातींचा असतो. जुन्या पद्धतीच्या फळ्यांत पॉलियुरेथेनचा फोम असतो आणि त्याला पॉलिएस्टर रेझिन चालतं. दुसऱ्या जातीत आपल्या ओळखीचं थर्माकोल असतं. त्यावर पॉलिएस्टर रेझिन ओतलं, तर डोळ्यांदेखत थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. त्याला इपॉक्सीच लागतं. फोमचा कण काढून बघायचा. थर्माकोलसारखे मणी सुटे झाले तर इपॉक्सी. आणि ओळखताच आलं नाही तरीही इपॉक्सीच घ्यायचं, कारण ते दोन्हींवर चालतं. अमेरिकेत क्लार्क फोम नावाची कंपनी होती. तिकडच्या बहुतेक सर्फबोर्डांचा फोम तीच पुरवायची. ती ५ डिसेंबर २००५ ला एका दिवसात बंद झाली आणि त्यानंतर थर्माकोल-इपॉक्सीच्या फळ्यांचं प्रमाण वाढलं. आमची फळी पहिल्या जातीची निघाली.

आम्ही फळी गोड्या पाण्यानं धुतली, कारण आत मीठ राहिलं तर ओल धरून ठेवतं. मग चीर खालच्या बाजूला येईल अशी ती सावलीत उभी केली. लेक म्हणत होती, ‘‘आई, उन्हात ठेवू या, लवकर वाळेल.’’ पण शेजारच्या बाईंनी आधीच बजावलं होतं. कडक उन्हात किंवा बंद गाडीत फळी तापली, तर आतली हवा फुगते आणि कवच फोडासारखं उचललं जातं. पापड वाळवताना आपण ऊन शोधतो, इथे नेमकं उलटं!

थेंब थेंब पाणी गळत राहिलं. तीन दिवस झाले, चार झाले. रोज रात्री चिरेवर टिश्यू पेपरचा तुकडा चिकटपट्टीनं लावायचा आणि सकाळी ओलसर लागतो का ते बघायचं. हे काम सासूबाईंनी कधी आपल्याकडे घेतलं ते कळलंच नाही. ‘‘ओल्या कपड्याची घडी घालून कपाटात ठेवली तर काय होतं? तसंच आहे हे,’’ असं म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी त्या गॅरेजमध्ये जायच्या. ‘‘अजून दमट आहे गं!’’ अशी बातमी घेऊन यायच्या.

मी त्यांना गंमत म्हणून वाचलेली एक गोष्ट सांगितली. हवाई बेटांवरचे लोक शेकडो वर्षांपासून लाकडी फळ्यांवर लाटा खेळत आलेत, बायकासुद्धा. १८२० च्या दशकात तिथे राहिलेल्या विल्यम एलिस या मिशनऱ्यानं लिहून ठेवलंय, की ते लोक वापरून झाल्यावर फळी नीट वाळवायचे, तिला खोबरेल चोळायचे आणि बऱ्याचदा कापडात गुंडाळून घरातच टांगून ठेवायचे. सासूबाईंना हे खोबरेल फार आवडलं. ‘‘म्हणजे घरच्या माणसासारखं सांभाळायचे की!’’

पाचव्या संध्याकाळी आम्ही तिघी गॅरेजमध्ये जुनं मेण खरवडत बसलो होतो. पाय घसरू नये म्हणून फळीला वरून मेण लावलेलं असतं. ते पूर्ण निघालं नाही तर रेझिन धरत नाही. खरवडता खरवडता सासूबाई एकदम म्हणाल्या, ‘‘माझा धाकटा भाऊ पंचगंगेच्या पुरात गेला. आठ वर्षांचा होता. घाटावर पोरं पाणी बघायला गेली होती.’’ एवढंच. माझ्या नवऱ्याला एक मामा लहानपणीच वारला इतकंच माहीत होतं, कशानं ते माहीत नव्हतं. साठ वर्षं त्यांनी ती गोष्ट मनात मिटून ठेवली होती.

लेकीनं खरवडणी खाली ठेवली. ‘‘आजी, मी एकटी कधीच जात नाही,’’ ती म्हणाली. मग तिनं जमिनीवर खडूनं किनारा काढला आणि आजीला समुद्र समजावून सांगितला. लाटा सगळीकडे फुटत असतात, पण मध्येच एक पट्टा शांत आणि गडद दिसतो. नवख्या माणसाला वाटतं, इथे पाणी निवांत आहे, इथेच उतरू. खरं तर किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच जोरानं आत परतत असतं. त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेनं जीव खाऊन पोहायचं नाही, दमून माणूस बुडतो. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं. आपल्या कोकणात, गोव्यात सहलीला जाणाऱ्या प्रत्येकीनं हे ध्यानात ठेवावं असंच आहे.

सासूबाईंनी विचारलं, ‘‘एवढी भीती आहे, तर जातेस कशाला?’’ लेक जरा थांबली. म्हणाली, ‘‘शाळेत मला सारखं कोणीतरी विचारतं, तू मूळची कुठली. पाण्यात कोणी विचारत नाही. तिथे फक्त पुढची लाट कोणाची एवढंच बघतात.’’ मी तिची आई, पण हे मी पहिल्यांदा ऐकत होते. आतलं पाणी बाहेर यायला असा वेळ द्यावा लागतो, हे त्या आठवड्यानं मला नीट दाखवलं.

आठव्या दिवशी कागद कोरडा निघाला. मग खरं काम सुरू झालं.

सुटे झालेले काचेचे तुकडे आणि पिवळा पडलेला फोम लेकीनं धारदार चाकूनं काढून टाकला. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं चिरेच्या चहूबाजूंनी तीन-चार सेंटिमीटर भाग खरखरीत केला. पंक्चरवाला ट्यूब कानशीनं घासतो ना, अगदी तेच. गुळगुळीत पृष्ठभागावर काहीच टिकून बसत नाही. बाजूनं कागदी चिकटपट्टी लावून घेतली, म्हणजे रेझिन भलतीकडे ओघळत नाही.

नंतर लांबी भरायची. रंगारी भिंतीला भरतात तशीच. रेझिनमध्ये काचेच्या अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांची पांढरी पूड घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलं. या पुडीमुळे लांबी हलकी राहते आणि घासायला सोपी जाते. त्यात हार्डनर घालायचं ते मोजून, १०० मिलिलिटर रेझिनला १ ते २ मिलिलिटर. लवकर घट्ट व्हावं म्हणून जास्त घातलं, तर मिश्रण भयंकर तापतं आणि तडकतं. हे प्रमाण पॉलिएस्टर रेझिनचं. इपॉक्सीचं प्रमाण अगदी वेगळं असतं, ते डब्यावर वाचूनच घ्यायचं. भोक आणि चीर भरून लांबी किंचित वर राहू दिली आणि घट्ट झाल्यावर घासून फळीच्या बरोबरीला आणली.

आता काचेचं कापड. इथे सासूबाई पुढे सरसावल्या. आयुष्यभर गोधड्या शिवलेला हात! ‘‘ठिगळाला कोपरे ठेवू नकोस, गोल काप. कोपराच आधी उचकटतो,’’ त्यांनी नातीला सांगितलं. शेजारच्या बाईंनीही नेमकं हेच सांगितलं होतं, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. फक्त आपली कपडे बेतायची कात्री त्यांनी दिली नाही. बरोबरच होतं, काचेनं कात्रीची धार जाते. स्वयंपाकघरातली जुनी कात्री कामी आली. एक ठिगळ चिरेपेक्षा थोडं मोठं आणि दुसरं त्याहून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरनं मोठं, अशी दोन कापली. खाली रेझिन, त्यावर लहान ठिगळ, पुन्हा रेझिन, त्यावर मोठं. पांढरं कापड रेझिन पिऊन पारदर्शक होतं, तेव्हा समजायचं की ते पूर्ण भिजलं. मधून कडेकडे हलक्या हातानं निपटत हवेचे बुडबुडे काढायचे. बुडबुडा राहिला की तिथून पुन्हा पाणी शिरणार.

शेवटचा थर मेण मिसळलेल्या रेझिनचा. साधं पॉलिएस्टर रेझिन हवेला उघडं राहिलं तर वरून चिकटच राहतं. त्यातलं मेण वर तरंगून पापुद्रा धरतं आणि खालचा थर पक्का होतो. तो वाळला की १२०, २२० आणि शेवटी ४०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून फिरवायचा. डोळे मिटून बोट फिरवलं तर जोड कळता कामा नये, ही परीक्षा. डोळ्यांना मात्र आमचं ठिगळ दिसतं. टोकाला एक पिवळसर गोल डाग राहिलाय. लेक म्हणते, ‘‘असू दे, माझी फळी लांबूनही ओळखू येते.’’

आमचा सगळा खर्च झाला ५२ डॉलर आणि अर्धं रेझिन उरलं. पण खर्च वाचतो म्हणून यातली काळजी घेण्यात काटकसर करायची नाही. हे काम उघड्यावर किंवा दारं सताड उघडून करायचं, स्वयंपाकघरात तर मुळीच नाही. हार्डनर डोळ्यांत उडालं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल हवाच. हातमोजे आणि मास्कही हवेत, कारण काचेची धूळ छातीत जाणं वाईट. अंगाला लागली तर फार खाज येते. थंड पाण्यानं धुवायचं, गरम पाण्यानं नाही, आणि ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर भिजवायचे नाहीत. उरलेलं कालवलेलं रेझिन कपात आपोआप तापतं, ते घट्ट होऊन निवेपर्यंत कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही. फळी मधोमध मोडली असेल किंवा खालच्या पात्याची खोबणच उखडली असेल, तर मात्र घरी खटपट न करता जाणकाराकडे जावं.

याच पद्धतीनं आपल्याकडचा फायबरचा दरवाजा, पन्हळीचा पत्रा किंवा होडीची बारीक चीरही बुजवता येते. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीला मात्र हे करायला जाऊ नका. त्या प्लास्टिकला रेझिन चिकटत नाही, पैसे वाया जातील.

फळी तयार झाल्यावर एका रविवारी आम्ही सगळे सिडनीच्या उत्तरेकडच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर गेलो. हवाईचा प्रसिद्ध जलतरणपटू ड्यूक कहानामोकू १९१४ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात आला होता. त्यानं इथेच लाकडातून एक फळी घडवली आणि लाटांवर चालवून दाखवली. १९१५ च्या सुरुवातीला त्याच्याबरोबर त्या फळीवर चढली इझाबेल लेथम नावाची १५ वर्षांची मुलगी. पुढे ती अमेरिकेत जाऊन पोहणं शिकवत होती. ड्यूकची ती फळी फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक क्लबनं आजवर जपून ठेवली आहे. सासूबाईंनी हिशेब केला, ‘‘म्हणजे ती आपल्या पोरीपेक्षाही वर्षानं लहान!’’

बायकांना या खेळात मान मिळायला पुढे बराच काळ जावा लागला. जागतिक स्पर्धांमध्ये पुरुषांइतकीच बक्षिसाची रक्कम द्यायचा निर्णय झाला २०१८ मध्ये आणि तो लागू झाला २०१९ पासून. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, सर्फिंग पहिल्यांदा खेळलं गेलं आणि महिलांचं सुवर्णपदक हवाईच्या कॅरिसा मूरनं मिळवलं. आपल्याकडेही मुंबईत वाढलेली इशिता मालविया मणिपालला शिकायला गेली आणि २००७ मध्ये सर्फिंगकडे वळली. भारतातली पहिली महिला सर्फर म्हणून तिचं नाव घेतलं जातं. उडुपीजवळच्या किनाऱ्यावर तिनं आपल्या साथीदाराबरोबर सर्फिंग शिकवायला सुरुवात केली.

सासूबाईंची पाण्याची भीती गेली असं मी म्हणणार नाही. तशी ती जात नसते. परत जाईपर्यंत दर शनिवारी त्या लेकीबरोबर किनाऱ्यावर आल्या. वाळूत खुर्ची टाकून बसायच्या, हातात जपमाळ, नजर पाण्यावर. तो गडद शांत पट्टा कुठे आहे हे आधी स्वतः शोधायच्या आणि नातीला दाखवायच्या, ‘‘तिकडे जायचं नाही हं!’’ आता इचलकरंजीहून फोन आला, की अभ्यासाची चौकशी नंतर होते. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘‘फळीत पाणी नाही ना शिरलं?’’